सुरतचा प्लेग आणि शरीराचे घड्याळ

सप्टेंबर १९९४च्या तिसऱ्या आठवड्यात सुरत शहर पुरातून नुकतेच सावरत होते. तापीचे पाणी सखल वस्त्यांत शिरून ओसरले होते. मागे चिखल, कचरा आणि मेलेली जनावरे राहिली होती. १८ तारखेला अनंत चतुर्दशीचे विसर्जन पार पडले आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच शहरातील नव्या सिव्हिल हॉस्पिटलात तीव्र ताप, छातीत दुखणे, धाप आणि रक्तमिश्रित थुंकी अशी लक्षणे असलेले रुग्ण येऊ लागले. त्यांत वेड रोडसारख्या दाट वस्तीतील, यंत्रमागावर राबणाऱ्या तरुण कामगारांचा भरणा होता. काही जण दाखल झाल्यावर काही तासांतच दगावले. फुप्फुसाच्या प्लेगचा संशय असल्याचे बाहेर पडताच लाखो लोकांनी शहर सोडले. उधना, लिंबायत या भागांत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली खानदेशातील मराठी कुटुंबेही नंदुरबार, जळगाव, भुसावळच्या दिशेने निघाली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल नाहीशा झाल्या. आखाती देशांनी भारताची विमाने रोखली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींनुसार त्या साथीत भारतात ८७६ संशयित रुग्ण आढळले आणि ५४ जणांचा मृत्यू झाला. भीतीच्या मानाने हा आकडा लहान वाटेल. परंतु एक प्रश्न त्या आकड्याआड राहून गेला. दिवसाचे बारा-बारा तास यंत्रमागापाशी उभा राहू शकणारा पंचविशीतला धडधाकट माणूस तीन दिवसांत कसा जातो? त्याची ‘प्रतिकारशक्ती’ कमी होती, असे उत्तर सहज दिले जाते. ते बहुतांशी चूक आहे. शक्ती हा शब्दच येथे दिशाभूल करतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा बलाने जितकी चालते, त्याहून अधिक ती ओळखीने आणि वेळेने चालते. आणि प्लेगचा जंतू नेमका या दोन्हींवर घाला घालतो.

पहिले काही तास

त्वचा, नाकातील श्लेष्मा, डोळ्यांतील अश्रू, जठरातील आम्ल ही शरीराची तटबंदी. बहुसंख्य जंतू तिच्याबाहेरच अडतात. प्लेगच्या जंतूला, म्हणजे यर्सिनिया पेस्टिसला, ती ओलांडण्याचे दोन मार्ग आहेत. एक पिसवेच्या दंशाचा. उंदराचे दूषित रक्त प्यायलेल्या पिसवेच्या अन्ननलिकेत जंतूंचा बोळा बसतो. भुकेली पिसू चावत राहते आणि प्रत्येक चाव्यासरशी तो बोळा थोडाथोडा माणसाच्या त्वचेत ओकते. दुसरा मार्ग श्वासाचा. फुप्फुसाचा प्लेग झालेला रुग्ण खोकला की त्याच्या तुषारांतून जंतू जवळच्या माणसाच्या फुप्फुसात थेट पोहोचतात. ऑगस्ट १९९४मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात दिसला तो पहिला प्रकार होता. सुरतेत भीती होती ती दुसऱ्याची.

तटबंदी ओलांडली गेली की त्वचेखाली आणि फुप्फुसांच्या वायुकोशांत मुक्कामी असलेल्या महाभक्षक पेशींशी गाठ पडते. या पेशी मोठ्या, संथ आणि खादाड असतात. मेलेल्या पेशी, धूळ, जंतू असे जे सापडेल ते गिळून पचवणे हे त्यांचे रोजचे काम. जंतू सापडला की त्या रासायनिक संदेश सोडतात, जवळच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्या जागी धाव घेतात. जखम लाल होणे, सुजणे, ठणकणे, तापणे ही या धावाधावीची बाहेरून दिसणारी खूण होय. पू म्हणून जे दिसते त्यात बहुतांशी लढून मेलेली न्यूट्रोफिलच असतात.

न्यूट्रोफिलचे आयुष्य जेमतेम दिवसाचे, फार तर काही दिवसांचे. त्यामुळे हाडांतील मज्जा दररोज सुमारे दहा हजार कोटी नवी न्यूट्रोफिल घडवत असते. रक्ताच्या तपासणीचा कागद हाती आल्यावर ‘पांढऱ्या पेशी वाढल्यात’ असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा याच पेशींची संख्या वाढलेली असते.

जंतू गिळणाऱ्या पेशींचे हे काम इल्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे पहिल्यांदा नीट ओळखले. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत त्याने काटे टोचले आणि काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला सूक्ष्मदर्शकातून पाहिला. याच मेचनिकॉफचा ओडेसा येथील एक विद्यार्थी पुढे मुंबईत आला. त्याच्याकडे पुन्हा येऊच.

जंतूचे वेषांतर

या पहिल्या फळीला जंतू ओळखता कसा येतो? एकेका जंतूची स्वतंत्र ओळख तिला नसते. अनेक जंतूंच्या बाह्य आवरणात समान असणारे काही रासायनिक घटक ती जाणते. रात्री पोलिसाने अंगावरचा गणवेश पाहून माणूस ओळखावा, तसे हे ढोबळ ओळखणे असते. प्लेगचा जंतू याच ठिकाणी डाव टाकतो. पिसवेच्या पोटात तापमान सुमारे २६ अंश सेल्सिअस असते, माणसाच्या शरीरात ३७. तापमान वाढल्याचे जाणवताच जंतू आपल्या आवरणातील एका मेदयुक्त रेणूची रचना बदलतो. बदललेल्या रचनेमुळे भक्षक पेशींचा धोक्याचा घंटानाद नीट वाजतच नाही. त्याच तापमानाला तो स्वतःभोवती प्रथिनाचे एक बुळबुळीत कवचही तयार करतो. त्यामुळे त्याला गिळणे अवघड होते.

याहून भेदक शस्त्र म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म सुया. भक्षक पेशी जवळ आली की जंतू तिच्यात सुईवाटे काही प्रथिने टोचतो. पेशीची गिळण्याची हालचाल थांबते, संदेश पाठवणे थांबते, कित्येकदा पेशी मरते. म्हणजे गिळायला आलेलीच लुळी पडते. शिवाय सुरुवातीच्या काळात काही जंतू महाभक्षक पेशींच्या आत जिवंत राहतात, आणि पेशी त्यांना नकळत स्वतःबरोबर वाहून नेते.

उंदरांवरील प्रयोगांत फुप्फुसाच्या प्लेगचे दोन टप्पे स्पष्ट दिसले आहेत. पहिले साधारण दीड दिवस फुप्फुसात जंतू भराभर वाढत असतात, परंतु दाह जवळजवळ नसतो. प्राणी ठणठणीत दिसतो. मग एकाएकी यंत्रणेला जाग येते आणि न्यूट्रोफिलचे लोंढे फुप्फुसात घुसतात. तोवर जंतू इतके झालेले असतात की या उशिरा आलेल्या माऱ्यात वायुकोशच उद्ध्वस्त होतात. येथे प्रतिकार कमी पडला असे म्हणावे की अतिरेक झाला असे? दोन्ही खरे आहे, फक्त वेळ चुकलेली आहे. ‘इम्युनिटी वाढवणारे’ म्हणून काढे आणि चूर्णे विकणाऱ्यांच्या जाहिरातींत या गोष्टीला जागा नसते. नेमके काय वाढवायचे, कोणत्या पेशी, आणि कधी? दमा, संधिवात यांसारख्या अनेक विकारांत दुखणे प्रतिकार नको तिथे वाढल्यानेच होते.

अवधाण आणि गाठ

पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हा अनुभव ग्रामीण भागात कोणालाही नवा नाही. हाताला जखम असेल तर ते काखेत येते. जखम एकीकडे आणि सूज दुसरीकडे, असे का, याचे उत्तर प्रतिकारयंत्रणेच्या रचनेत आहे. रक्तवाहिन्यांखेरीज शरीरात लसिकावाहिन्यांचे एक वेगळे जाळे असते आणि त्या जाळ्यावर जागोजाग लसिका ग्रंथी असतात. शरीरभर त्यांची संख्या पाच-सहाशे. मान, काख आणि जांघ येथे त्या दाटीने आहेत. पेशींच्या भेटीगाठीची ही ठाणी होत.

त्वचेत डेंड्रायटिक नावाच्या, फांद्याफांद्यांच्या आकाराच्या पेशी असतात. जंतूचा तुकडा मिळाला की त्या लढत बसत नाहीत. तो तुकडा घेऊन त्या लसिकावाहिनीतून जवळच्या ग्रंथीत जातात आणि तेथे तो पृष्ठभागावर मांडून उभ्या राहतात. ग्रंथीतून लिंफोसाइट पेशींची सतत ये-जा सुरू असते. या दोन जातींच्या. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडतात त्या टी पेशी आणि मज्जेतच परिपक्व होतात त्या बी पेशी. प्रत्येक लिंफोसाइटला एकाच विशिष्ट आकाराची ओळख असते. जगात असू शकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जंतूची ओळख असलेली एखादी पेशी आपल्या शरीरात कुठे तरी असतेच. मात्र ती लाखांत एखादी. तिची आणि त्या तुकड्याची भेट व्हावी, यासाठीच ग्रंथींचा हा सारा खटाटोप.

भेट झाली की ती पेशी विभागू लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असे करत काही दिवसांत हजारो. ग्रंथी सुजते ती एरवी या गर्दीने. टी पेशींतील काही साहाय्यक होतात आणि इतरांना कामाला लावतात. काही बाधित पेशींना मारतात. बी पेशींपैकी काहींचे रूपांतर प्रतिपिंडे तयार करणाऱ्या कारखान्यांत होते. अशी एक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे रक्तात सोडू शकते. प्रतिपिंड हे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे प्रथिन. त्याची दोन टोके जंतूला चिकटतात आणि तिसरे टोक भक्षक पेशीला ‘हा घे’ म्हणून हाक देते. प्लेगच्या जंतूचे बुळबुळीत कवच गिळताना निसटते खरे, पण त्या कवचालाच प्रतिपिंडे चिकटली की भक्षक पेशींना पकड मिळते.

हे सगळे उत्तम आहे. अडचण एवढीच की पहिल्या खेपेला याला पाच ते सात दिवस लागतात आणि पुरेशी परिणामकारक प्रतिपिंडे दिसायला दहा-बारा. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये जंतू शिरल्यापासून एक ते तीन दिवसांत लक्षणे दिसतात आणि उपचार न झाल्यास त्यानंतर दोन-तीन दिवसांत रुग्ण बहुधा दगावतो. सुरतेतील तो तरुण कामगार अशक्त नव्हता. त्याच्या टी आणि बी पेशींना जो आठवडा हवा होता, तो मिळालाच नाही.

गाठीच्या प्लेगमध्ये हा आठवडा थोडाफार मिळू शकतो. पिसवेने पायाला दंश केला की जंतू लसिकावाहिनीतून जांघेच्या ग्रंथीत पोहोचतात आणि तिथेच फोफावतात. ज्या ठाण्यातून बचावाची आखणी व्हायची, तेच शत्रूच्या ताब्यात जाते. प्लेगची गाठ म्हणजे जंतू, मृत पेशी आणि रक्तस्राव यांनी तट्ट फुगलेली लसिका ग्रंथी. काही रुग्णांत ग्रंथी जंतूंना तेवढा वेळ अडवून धरते आणि प्रतिपिंडे तयार होतात. म्हणूनच औषधे नव्हती त्या काळातही गाठीच्या प्लेगचे काही रुग्ण वाचत. फुप्फुसाच्या प्लेगचे जवळजवळ नाही.

गाठीवरूनच मुंबईतील साथ ओळखली गेली, आणि ती ओळखणारा डॉक्टर गोमंतकीय होता. हडफडे येथे जन्मलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागातील रुग्णांत ताप आणि सुजलेल्या ग्रंथी पाहून हा प्लेग असल्याचे सांगितले. धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोरचा पुतळा त्यांचाच आहे. त्यानंतर सरकारी तपासनीस रेल्वे स्थानकांवर आणि घराघरांत लोकांच्या काखा आणि जांघा चाचपू लागले. वैद्यकीयदृष्ट्या ते लसिका ग्रंथीच शोधत होते. पण सोजिरांकडून, तेही स्त्रियांची, अशी तपासणी होण्याचा संताप पुण्यात कोणत्या थराला गेला, हे २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडल्या गेलेल्या गोळीने दाखवून दिले.

उसना वेळ, आगाऊ वेळ

जंतूला पुढे धावू द्यायचे नसेल तर दोनच उपाय संभवतात. त्याचा वेग कमी करायचा किंवा शरीराला आधीच तयार ठेवायचे.

पहिला उपाय प्रतिजैविकांचा. टेट्रासायक्लिन जंतूंना प्रथिने बनवू देत नाही, त्यामुळे त्यांची वाढ थांबते. ते प्रतिकारशक्ती वाढवत नाही. भक्षक पेशींना आणि लिंफोसाइटना ते वेळ मिळवून देते. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये लक्षणे दिसल्यापासून सुमारे २४ तासांच्या आत योग्य प्रतिजैविक सुरू झाले तर बहुतेक रुग्ण वाचतात. उशीर झाला तर तेच औषध निष्प्रभ ठरू शकते. रुग्णाच्या निकट आलेल्यांनी ते काही दिवस प्रतिबंधक म्हणून घेणे योग्यच. मात्र १९९४मध्ये रुग्णाच्या सावलीलाही न गेलेल्या असंख्य लोकांनी कॅप्सूल घरात साठवून ठेवल्या. त्यांचा रोगाशी संबंध नव्हता, पण ज्याला खरोखर गरज होती त्याच्यासाठी दुकान रिकामे झाले.

दुसरा उपाय लसीचा. मेचनिकॉफचा तो विद्यार्थी, वाल्देमार हाफकिन, ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्याने प्लेगचे जंतू मांसरसात वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली. १८९९मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, पण त्याच्या आवरणाचे तुकडे डेंड्रायटिक पेशी ग्रंथीत नेऊन मांडतातच. तो सात-दहा दिवसांचा सारा खटाटोप निवांतपणे पार पडतो आणि त्यातील काही टी व बी पेशी स्मृतिपेशी म्हणून मागे उरतात. खरा जंतू आला की त्यांना शोधाशोध करावी लागत नाही. आठवड्याचे काम एक-दोन दिवसांत उरकते. हाफकिनच्या लसीने गाठीच्या प्लेगचे प्रमाण आणि मृत्यू घटवले. फुप्फुसाच्या प्लेगपुढे मात्र मृत जंतूंच्या लसी भरवशाच्या ठरल्या नाहीत. रक्तात फिरणारी प्रतिपिंडे आणि वायुकोशात लागणारे संरक्षण यांत अंतर राहते आणि तेथे टी पेशींचाही वाटा मोठा असतो, हे पुढच्या संशोधनातून उलगडत गेले. म्हणून १९९४मध्ये सुरतेत लसीकरणाची मोहीम न काढता प्रतिजैविके, निरीक्षण आणि स्वच्छता यांवर भर देणे शास्त्राला धरूनच होते. लस त्या दिवशी टोचली असती तरी तिला लागणारा वेळ साथीने दिला नसता.

वेळेचे हेच गणित गोव्यातील कोणत्याही आरोग्य केंद्रात रोज मांडले जाते. कुत्रा चावल्यावर रेबीजची लस सुरू करतात, तेव्हा स्वतःची प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागणार, हे गृहीत असते. म्हणून खोल जखमेत आणि जखमेभोवती त्याच दिवशी तयार प्रतिपिंडेही टोचतात. लसीचा पहिला डोस घेऊन सात दिवस उलटले असतील तर ती देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची येऊ लागलेली असतात. ‘लस घेतली ना, मग ते दुसरे इंजेक्शन कशाला’ हा प्रश्न रुग्ण विचारतात. त्याचे उत्तर या आठवड्यात दडलेले आहे.

प्रतिपिंडांची साक्ष

सुरतेतील साथ मुळात प्लेगची होती का, यावर नंतर बराच वाद झाला. अनेक रुग्णांवर नमुने घेण्याआधीच प्रतिजैविके सुरू झाली होती. त्यामुळे प्रयोगशाळेत जंतू वाढवणे कठीण गेले. आजाराच्या पहिल्या दिवसांत रक्तात प्रतिपिंडे शोधणेही व्यर्थ, कारण ती अजून तयारच झालेली नसतात. निदानासाठी पहिल्या आठवड्यातील आणि बरे झाल्यावरचे असे दोन नमुने लागतात. दोन्हींतील प्रतिपिंडांचे प्रमाण चौपट वाढलेले दिसले तर पुरावा भक्कम मानला जातो. जो रुग्ण तिसऱ्या दिवशी दगावला, त्याच्या रक्तात ही साक्ष सापडणे शक्यच नव्हते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हा सारा पुरावा तपासला. पुढे २०००मध्ये हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी साथीच्या वेळी मिळालेल्या जंतूंच्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध केली आणि ते यर्सिनिया पेस्टिसच असल्याचे स्पष्ट केले.

सुरतेने स्वतःपुरता एक उपाय त्याआधीच केला होता. मे १९९५मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी कचरा, गटारे आणि अतिक्रमणे यांवर अशी मोहीम उघडली की वर्षभरात शहराची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. उंदीर आणि पिसवा वस्तीतून हटल्या की जंतू त्वचेपर्यंतच येत नाही. मग पेशींच्या घड्याळाचा प्रश्नही उद्भवत नाही. मात्र जंगलातील कृंतक प्राण्यांत हा जंतू भारतात काही ठिकाणी टिकून आहे. फेब्रुवारी २००२मध्ये हिमाचल प्रदेशातील शिमला जिल्ह्यात फुप्फुसाच्या प्लेगचे १६ रुग्ण आढळले आणि चौघांचा मृत्यू झाला. २००४मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातील एका गावात गाठीच्या प्लेगचे आठ रुग्ण सापडले, त्यातील तिघे दगावले. प्लेगमधून बरे झालेल्यांची चीनमध्ये अनेक वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या रक्तात त्या बुळबुळीत कवचाला चिकटणारी प्रतिपिंडे दशकाहून अधिक काळानंतरही फिरत होती.